काटा खरा, तर व्यवहार खरा
अन्न-उद्योगातील मोजमापाच्या साधनांचे कॅलिब्रेशन : लहान कारखानदारांसाठी एक पाठ

खाद्यपदार्थ तयार करून विकणे हा आज अनेक कुटुंबांच्या उपजीविकेचा आधार झाला आहे. मुंबईतील जागेच्या भावामुळे जी कुटुंबे मीरा रोड-भाईंदरकडे आली, त्यांच्यापैकी कितीतरी घरांत कबाब, समोसे, खिमा-पॅटिस, लोणची, मसाले, बेकरीचा माल असे काही ना काही तयार होते. सुरुवातीला काम घरच्या ओट्यावर असते. ऑर्डरी वाढल्या की एखादा गाळा भाड्याने घेतला जातो, दोन माणसे कामाला ठेवली जातात, पाकिटावर नाव छापले जाते. त्याच वेळी काही नवी साधनेही दाखल होतात : इलेक्ट्रॉनिक काटा, टोचून पाहायचा थर्मामीटर, आकडा दाखवणारा डीप फ्रीझर.

ही साधने आकडे दाखवतात आणि आपण त्या आकड्यांवर विश्वास ठेवतो. परंतु साधन दाखवते तो आकडा खरा आहे की नाही, हे कोण सांगणार? या प्रश्नाचे उत्तर म्हणजे कॅलिब्रेशन. मराठीत त्याला अंशशोधन असा शब्द आहे. पण कारखान्यात आणि बाजारात कॅलिब्रेशन हाच शब्द रूढ असल्याने आम्ही तोच वापरणार आहोत. हा विषय मोठ्या कंपन्यांचा आहे, आपल्यासारख्या लहान माणसाला त्याचे काय, असा एक समज आहे. तो चुकीचा कसा आहे आणि लहान कारखानदाराने थोड्या खर्चात काय करावे, हे या लेखात पाहू.

नीयत साफ, पण काटा?

मापात घट करू नये ही शिकवण आमच्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. मुस्लिम राजवटीतील शहरांत बाजारातील वजने-मापे तपासण्यासाठी मुहतसिब नावाचा स्वतंत्र अधिकारी नेमला जात असे, हाही इतिहास अनेकांना ठाऊक आहे. तथापि जुन्या तागडीच्या काळात लबाडी बहुधा माणसाच्या हाताने होत असे. आजच्या काट्याची अडचण वेगळी आहे. माणूस पूर्ण इमानदार असतो आणि तरीही माल कमी जातो, कारण काटाच चुकीचा आकडा दाखवत असतो आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, बेव्हर्ली पार्कमधील एका इमारतीच्या तळमजल्यावरील गाळ्यात फ्रोझन कबाबचा लहान व्यवसाय चालतो. पाकिटावर ५०० ग्रॅम छापलेले आहे आणि रोज २०० पाकिटे भरली जातात. काटा ६ ग्रॅम जास्त दाखवतो. म्हणजे काट्यावर ५०० आले तेव्हा प्रत्यक्षात पाकिटात ४९४ ग्रॅमच माल गेला. रोजची घट १ किलो २०० ग्रॅम. महिन्याचे कामाचे दिवस २५ धरले तर ३० किलो माल ग्राहकांना कमी गेला.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. सन २०११ च्या वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियमांनुसार ३०० ते ५०० ग्रॅमच्या पाकिटात ३ टक्क्यांपर्यंतची चूक चालवून घेतली जाते. ५०० ग्रॅमला ही मर्यादा १५ ग्रॅम होते. ६ ग्रॅमची घट तिच्या आत आहे, मग काळजी कशाला, असे कोणी म्हणेल. पण याच नियमांत दुसरी अट आहे : तपासणीसाठी काढलेल्या पाकिटांची सरासरी छापलेल्या वजनापेक्षा कमी असता कामा नये. एखादे पाकीट कमी व एखादे जास्त भरणे हे माणसाच्या हातून होणारच, म्हणून ती सूट दिलेली आहे. आपल्या उदाहरणात प्रत्येकच पाकीट ६ ग्रॅम कमी आहे. म्हणून सरासरीही ४९४ येईल आणि एकही पाकीट १५ ग्रॅमच्या मर्यादेबाहेर नसताना संपूर्ण बॅच नापास होईल.

उलट बाजूही पाहा. काटा ६ ग्रॅम कमी दाखवत असेल तर ग्राहकाला प्रत्येक पाकिटात ६ ग्रॅम जास्त जातात. किलोचा भाव ४०० रुपये धरला तर महिन्याला १२,००० रुपयांचा माल फुकट गेला. वर्षअखेर धंदा तर चांगला झाला, मग पैसा गेला कुठे, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर कधी कधी काट्याखाली सापडते.

वजनाच्या चुकीत नुकसान पैशांचे असते. तापमानाच्या चुकीत नुकसान माणसाच्या तब्येतीचे असते. मांसाचा पदार्थ शिजवताना त्याच्या गाभ्याचे तापमान ७५ अंश सेल्सिअसपर्यंत जावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. थर्मामीटर ५ अंश जास्त दाखवत असेल तर आपण ७५ वाचतो, पण आत ७० अंशच असतात. फ्रोझन मालासाठी उणे १८ अंश हे सर्वमान्य तापमान आहे. फ्रीझरच्या दारावर उणे १८ दिसते आणि आत उणे १२ असते, असेही होऊ शकते. ही चूक चवीवरून, रंगावरून किंवा वासावरून लगेच कळत नाही. म्हणूनच ती धोक्याची आहे.

तीन कामे, तीन नावे

या विषयात सर्वांत मोठा घोटाळा शब्दांचा आहे. तीन वेगवेगळी कामे एकच समजली जातात. ती आधी वेगळी करून घेऊ.

पहिले काम पडताळणी व मुद्रांकन. बाजारात याला काटा पास करून घेणे असे म्हणतात. विक्रीसाठी वापरला जाणारा काटा व वजने ही वैधमापन अधिनियम, २००९ खाली सरकारी यंत्रणेकडून तपासून, शिक्का मारून घ्यावी लागतात. हा अधिनियम १ एप्रिल २०११ पासून लागू झाला. इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरपडताळणी दर १२ महिन्यांनी आणि सुट्या वजनांची दर २४ महिन्यांनी करावयाची असते. हे कायद्याचे बंधन आहे. त्यात पसंती-नापसंतीचा प्रश्न नाही.

दुसरे काम कॅलिब्रेशन. आपल्या साधनाचा आकडा त्याहून अधिक अचूक अशा प्रमाण साधनाशी ताडून पाहणे व फरक किती आहे ते लिहून देणे, एवढाच त्याचा अर्थ. कॅलिब्रेशन करणारा माणूस साधन दुरुस्त करतोच असे नाही. तो फक्त सांगतो की, तुमचा थर्मामीटर ७५ अंशांवर १.२ अंश जास्त दाखवतो. ते चालणार की नाही, हे ठरवायचे काम मालकाचे आहे.

तिसरे काम दुरुस्ती किंवा जुळवणी. साधनाचा आकडा स्क्रू फिरवून किंवा बटणे दाबून बरोबर करणे. यात एक सावधगिरी हवी. शिक्का मारलेल्या काट्याचे सील स्वतः तोडून आत हात घालू नये. काटा दुरुस्त करणाऱ्याकडे वैधमापन विभागाचा परवाना असला पाहिजे आणि दुरुस्तीनंतर काटा पुन्हा पडताळून, शिक्का मारून घेतल्याशिवाय व्यवहारात वापरता येत नाही.

पास केलेला काटा हातात आहे म्हणजे वर्षभर निश्चिंती, असे समजणे बरोबर नाही. शिक्का एका दिवसाची स्थिती सांगतो. त्यानंतर काटा टेबलावरून पडला, त्यावर २५ किलोची गोणी आदळली, आत पाणी गेले, तर शिक्का तसाच राहतो आणि आकडा मात्र बदलतो. शिवाय थर्मामीटर, फ्रीझरचा आकडा, लोणच्याचा आंबटपणा मोजणारा पीएच मीटर ही साधने काट्यासारखी दरवर्षी पास करून घेण्याची रीत नाही. त्यांची जबाबदारी पूर्णपणे उत्पादकावर येते. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या, म्हणजेच एफएसएसएआयच्या, खाद्य उत्पादकांसाठी असलेल्या तपासणी-यादीत मोजमापाची व देखरेखीची साधने ठराविक काळाने कॅलिब्रेट केली जातात काय, हा मुद्दा स्वतंत्रपणे दिलेला आहे. आयएसओ २२००० या अन्नसुरक्षेच्या मानकाच्या २०१८ च्या आवृत्तीतही यासाठी ८.७ क्रमांकाचे वेगळे कलम आहे. निर्यातदार किंवा मोठी हॉटेले माल घेण्यापूर्वी हेच कागद मागतात.

किलो खरा कशावरून?

आपण म्हणतो की, प्रमाण वजनाशी ताडून पाहा. मग ते प्रमाण वजन तरी खरे कशावरून? या प्रश्नाचे उत्तर एका साखळीत आहे.

आपल्या आजोबांच्या काळात शेर, मण, पायली ही मापे होती आणि गावोगावी ती वेगळी होती. मुंबईचा मण २८ पौंडांचा, तर बंगालचा सुमारे ८२ पौंडांचा. सन १९५६ मध्ये वजन-मापांच्या प्रमाणांचा कायदा झाला आणि ऑक्टोबर १९५८ पासून देशात किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने आला. भारताच्या वाट्याला आलेली किलोग्रॅमची ५७ क्रमांकाची धातूची प्रत नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आहे. २० मे २०१९ पासून जगात किलोग्रॅमची व्याख्या धातूच्या ठोकळ्यावरून न करता प्लांकच्या स्थिरांकावरून केली जाते. दुकानदाराच्या किलोत त्यामुळे काहीही फरक पडला नाही.

या राष्ट्रीय प्रमाणाशी ताडलेली वजने मान्यताप्राप्त प्रयोगशाळांकडे असतात. प्रयोगशाळेच्या वजनांशी आपले चाचणीचे वजन ताडले जाते आणि त्या वजनाने आपण रोज आपला काटा तपासतो. गाळ्यातील काट्यापासून दिल्लीपर्यंत अशी कडीला कडी जोडलेली असते. मधली एक कडी तुटली, म्हणजे कोणाचे तरी वजन कशाशीही ताडलेले नाही असे निघाले, तर त्याखालचे सर्व आकडे निराधार ठरतात. शेजारच्या दुकानाच्या काट्याशी आपला काटा ताडून पाहणे म्हणूनच पुरेसे नाही. दोन्ही काटे सारखेच चुकलेले असू शकतात.

रोजची पाच मिनिटे

वर्षातून एकदा बाहेरून कॅलिब्रेशन करून घेणे एक काम, आणि रोज सकाळी स्वतः तपासणी करणे दुसरे. दुसरे काम कोणीही शिकू शकतो. त्याची पद्धत पुढे देत आहोत.

काटा : काटा सपाट व न हलणाऱ्या ओट्यावर ठेवावा. त्याच्या पायांतील पाण्याचा बुडबुडा मधोमध आहे ना, ते पाहावे. डोक्यावरील पंखा बंद करावा, कारण लहान काट्यावर वाऱ्याचाही भार पडतो. काटा चालू करून काही मिनिटे तसाच राहू द्यावा. रिकामा असताना शून्य दाखवतो का ते पाहून मधोमध चाचणीचे वजन ठेवावे. आपण ५०० ग्रॅमची पाकिटे भरत असू तर ५०० ग्रॅमचेच वजन वापरावे. नंतर तेच वजन चारही कोपऱ्यांवर ठेवून पाहावे. मधे बरोबर आणि कोपऱ्यावर चूक दाखवणारे काटे पुष्कळ असतात, आणि घाईत पाकीट कोपऱ्यावरच ठेवले जाते. चाचणीचे वजन वेगळ्या डबीत ठेवावे, तेलकट हाताने धरू नये आणि रोजच्या विक्रीसाठी वापरू नये. खाडीजवळच्या आपल्या दमट, खाऱ्या हवेत लोखंडी वजनाला गंज चढतो. म्हणून या कामासाठी स्टेनलेस स्टीलचे वजन घ्यावे.

काट्याची जागा बदलली तर पुन्हा तपासणी करावी. पृथ्वीचे आकर्षण सर्वत्र अगदी सारखे नसते. दिल्लीत जुळवलेला अचूक इलेक्ट्रॉनिक काटा मुंबईत किंचित कमी दाखवतो, म्हणून तो वापराच्या जागीच जुळवावा लागतो.

थर्मामीटर : यासाठी बर्फाची पद्धत सर्वांत सोपी आहे. पिण्याच्या पाण्याचा बर्फ बारीक फोडून पेला गच्च भरावा आणि फटी भरतील एवढेच थंड पाणी घालावे. थर्मामीटरची सळई मधोमध धरावी. ती तळाला किंवा कडेला टेकू नये. दोन-तीन मिनिटे थांबून, ढवळून आकडा वाचावा. तो शून्य अंश यायला हवा. अर्ध्या अंशापर्यंतचा फरक चालतो. बर्फात मीठ पडू देऊ नये. मिठाने बर्फाचे तापमान शून्याच्या पुष्कळ खाली जाते, हे कुल्फीवाल्यांना चांगले ठाऊक आहे.

दुसरी तपासणी उकळत्या पाण्यात करावी. मीरा रोड समुद्रसपाटीजवळ असल्याने येथे पाणी जवळपास १०० अंशांवर उकळते. हा नियम घाटावर मात्र चालणार नाही. पुण्यात पाणी सुमारे ९८ अंशांवर आणि महाबळेश्वरला सुमारे ९५ ते ९६ अंशांवर उकळते. तेथील वाचकांनी १०० आले नाही म्हणून चांगला थर्मामीटर फेकून देऊ नये. दोन्ही टोकांना तपासण्याचे कारण असे की, शून्यावर बरोबर असलेला थर्मामीटर वरच्या टोकाला चुकू शकतो, आणि आपल्याला तर ७५ अंश मोजायचे असतात.

फ्रीझर : दारावरचा आकडा हा फ्रीझरच्या आत एका ठिकाणी बसवलेल्या संवेदकाचा आहे, मालाचा नव्हे. तपासलेला थर्मामीटर मालाच्या पाकिटांमध्ये ठेवून झाकण बंद करावे आणि काही तासांनी पाहावे. वर, खाली आणि दाराजवळ अशा तीन ठिकाणी एकदा तरी हे करून सर्वांत गरम जागा कोणती ते शोधावे. रोजची नोंद त्याच जागेची घ्यावी.

इतर साधने : लोणची व सॉस करणाऱ्यांनी पीएच मीटर रोज ४ आणि ७ या दोन प्रमाण द्रावणांत बुडवून पाहावा. अशा पदार्थांत पीएच ४.६ च्या खाली असणे हा सुरक्षिततेचा मुख्य आधार आहे. मीटर अर्ध्या अंकाने चुकला तर तो आधारच जातो. जाम करणाऱ्यांचे साखर मोजण्याचे साधन, म्हणजे रिफ्रॅक्टोमीटर, शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्याच्या थेंबावर शून्य दाखवतो का ते पाहावे. जाममध्ये विद्राव्य घटक ६५ टक्क्यांपेक्षा कमी नसावेत असे मानक आहे. तळणीच्या तेलातील ध्रुवीय घटक २५ टक्क्यांच्या वर गेल्यास ते तेल वापरता येत नाही, हा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. त्यासाठी मीटर घेतला असेल तर तोही त्याच्या प्रमाण तेलावर तपासावा लागतो.

किती अचूक, किती दिवसांनी?

सर्व साधने अत्यंत अचूक असावीत असे नाही. कामाला पुरेल एवढी अचूकता हवी. गोणी मोजण्याच्या काट्याला १० ग्रॅमची चूक चालेल. पण त्याच काट्यावर ८ ग्रॅम परिरक्षक तोलणे म्हणजे डोळे मिटून टाकण्यासारखे आहे. बारीक वजनासाठी वेगळा, लहान काटा घ्यावा. साधारण नियम असा : जेवढा फरक चालवून घ्यायचा असेल, त्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त चूक तपासणाऱ्या प्रमाण साधनात नसावी. २ अंशांचा फरक चालणार असेल, तर अर्ध्या अंशापर्यंत विश्वास ठेवता येईल अशा साधनाने तपासावे.

चालवून घेण्याची मर्यादा साधन तपासायला पाठवण्याआधी ठरवून लिहून ठेवावी. निकाल आल्यावर मर्यादा ठरवायची म्हटले, की ती नेहमी निकालाच्या सोयीची ठरते.

किती दिवसांनी बाहेरून कॅलिब्रेशन करावे, याला एकच उत्तर नाही. वर्षातून एकदा ही सामान्य प्रथा आहे. वाफेत, तेलात, दिवसातून शंभर वेळा वापरला जाणारा थर्मामीटर सहा महिन्यांनी पाठवावा. तीन वेळा लागोपाठ निकाल चांगला आला तर मुदत थोडी वाढवता येते. एकदा वाईट आला तर निम्मी करावी. मुद्रांकनाची कायदेशीर मुदत मात्र आपल्या मर्जीने बदलता येत नाही.

सर्टिफिकेट कोणाचे?

कॅलिब्रेशनचे सर्टिफिकेट देणारे बाजारात अनेक आहेत. त्यात कोणाचे घ्यावे? प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था एनएबीएल ही आहे. ती भारतीय गुणवत्ता परिषदेचे अंग असून आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकानुसार प्रयोगशाळा तपासते. मान्यता प्रयोगशाळेला सरसकट मिळत नाही. कोणत्या मोजमापासाठी आणि कोणत्या टप्प्यात, हे तिच्या मान्यतापत्रात लिहिलेले असते. वजनासाठी मान्यता असलेली प्रयोगशाळा उणे १८ अंशांसाठीही मान्यताप्राप्त असेलच असे नाही. हे विचारण्यात संकोच करू नये. मुंबईत चुनाभट्टी येथे केंद्र सरकारच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाखालील आयडेमी ही संस्था आहे. लहान उद्योजकांनी अशा सरकारी संस्थेत चौकशी करून दर व पद्धत समजून घ्यावी, म्हणजे इतर ठिकाणचे भाव ताडून पाहता येतात.

मान्यतेला किती महत्त्व आहे, हे २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयात दिसून आले. मॅगी नूडल्समध्ये शिसे २.५ पीपीएम या मर्यादेपेक्षा जास्त असल्याच्या अहवालांवरून ५ जून २०१५ रोजी एफएसएसएआयने बंदीचा आदेश काढला होता. कंपनी न्यायालयात गेली. १३ ऑगस्ट २०१५ रोजी न्यायालयाने बंदी रद्द केली. कंपनीला बाजू मांडण्याची संधी मिळाली नाही हे एक कारण होते. ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर आदेश आधारला होता, त्या कायद्याप्रमाणे मान्यताप्राप्त नव्हत्या, हे दुसरे मोठे कारण. न्यायालयाने मोहाली, हैदराबाद व जयपूर येथील मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत नव्याने तपासणी करायला लावली, तेथे शिसे मर्यादेत आढळले आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये माल पुन्हा बाजारात आला. या प्रकरणातील वादात आम्ही पडत नाही. आमच्या विषयापुरता धडा एवढाच की, मोजणाऱ्याची मान्यता सिद्ध होत नसेल तर त्याचा आकडा न्यायालयात टिकत नाही. सरकारी आदेशाला जे लागू झाले, ते आपल्या गाळ्यातील कागदालाही लागू आहे.

सर्टिफिकेट हाती आले की फाइलला लावून मोकळे होऊ नये, ते वाचावे. त्यावर आपल्याच साधनाचा क्रमांक आहे का? तारीख कोणती? कोणत्या प्रमाण साधनाशी ताडले, त्याचा उल्लेख आहे का? जुळवणी केली असेल तर जुळवणीच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही आकडे आहेत का? आपण वापरतो त्या तापमानाला किंवा वजनाला तपासले आहे का? शेवटी, फरकाबरोबर अनिश्चिततेचा आकडा दिलेला असतो. फरक १ अंश आणि अनिश्चितता अर्धा अंश असेल, तर खरा फरक अर्ध्यापासून दीड अंशापर्यंत असू शकतो असे समजावे आणि निर्णय दीड अंश धरून घ्यावा.

साधन चुकीचे निघाले तर?

या पाठातील हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि हाच बहुतेक ठिकाणी सुटतो. थर्मामीटर चुकीचा निघाला की लोक नवा आणतात आणि काम पुढे चालू होते. पण चुकीच्या थर्मामीटरने मोजून जो माल आधीच विकला गेला, त्याचे काय? साधन आज सकाळी बिघडले असेल, किंवा मागील तपासणीच्या दुसऱ्याच दिवशी बिघडले असेल. कोणता दिवस, हे कोणीच सांगू शकत नाही. म्हणून मागील बरोबर तपासणीपासून आजपर्यंतचा सगळा माल संशयित मानावा लागतो.

आपल्या उदाहरणात रोज २०० पाकिटे तयार होतात. तपासणी रोज होत असेल तर संशय फक्त २०० पाकिटांवर येतो, आणि ती बहुधा अजून फ्रीझरमध्येच असतात. तपासणी आठवड्यातून एकदा होत असेल तर सहा दिवसांची १,२०० पाकिटे, त्यांतील निम्मी दुकानांत पोहोचलेली. वर्षातून एकदाच सर्टिफिकेट घेणाऱ्याला तर वर्षभराच्या मालाबद्दल खात्री देता येणार नाही. रोजच्या पाच मिनिटांची किंमत येथे कळते. ती पाच मिनिटे साधन सुधारत नाहीत. संकट आले तर त्याचा आवाका लहान ठेवतात.

अशा वेळी करावयाची कामे क्रमाने अशी : साधनावर ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावून ते बाजूला ठेवावे. मागील बरोबर तपासणीची तारीख नोंदवहीत पाहावी. त्यानंतरच्या बॅचचा गाळ्यात असलेला माल रोखून ठेवावा. चूक कोणत्या दिशेची आहे हे पाहावे : थर्मामीटर कमी दाखवत असेल तर माल जास्त शिजला आहे, धोका नाही, जास्त दाखवत असेल तर माल कच्चा राहिला असू शकतो. धोका असेल तर दुकानदारांना कळवून माल परत घ्यावा. माल परत बोलावण्याबाबत एफएसएसएआयचे २०१७ चे स्वतंत्र विनियम आहेत. त्यांच्याप्रमाणे वागता यावे म्हणून पाकिटावर बॅच नंबर आणि वहीत कोणती बॅच कोणत्या दुकानाला गेली याची नोंद पाहिजे. बॅच नंबर नसेल तर एका दिवसाच्या चुकीसाठी सगळाच माल परत बोलवावा लागतो.

माल परत बोलावण्यात नाव खराब होते, अशी भीती वाटणे स्वाभाविक आहे. पण ‘आमच्या तपासणीत असे आढळले, अमुक बॅच परत द्या’ असे स्वतःहून सांगणारा आणि ग्राहक आजारी पडल्यावर पकडला जाणारा, यांत दुकानदार फरक करतो. पहिल्याकडून तो पुन्हा माल घेतो.

नोंदवही कशी ठेवावी?

यासाठी संगणक लागत नाही. दोनशे पानी वही पुरे. पहिल्या पानावर सर्व साधनांची यादी करावी : साधनाचे नाव, त्याला आपण दिलेला क्रमांक, ते कुठे ठेवले आहे, कशासाठी वापरतो, किती फरक चालेल, रोज कोण तपासणार, बाहेरून कॅलिब्रेशन केव्हा झाले आणि पुढचे केव्हा. तोच क्रमांक साधनावर न पुसणाऱ्या चिठ्ठीने लावावा. पुढील पानांवर रोजची तारीख, अपेक्षित आकडा, दिसलेला आकडा, फरक, सही.

वहीत दिसलेला आकडाच लिहावा. नुसते ‘ठीक’ लिहू नये. आकडे लिहिले तर चार आठवड्यांत काटा १ ग्रॅमवरून २, मग ३ ग्रॅमवर सरकतो आहे हे डोळ्यांना दिसते आणि मर्यादा ओलांडण्याआधीच दुरुस्ती करता येते. ‘ठीक’ या शब्दातून तसे काही दिसत नाही. आणि चुकून एखाद्या दिवशी तपासणी राहिली तर ती जागा कोरी ठेवावी. महिन्याच्या शेवटी एकाच पेनाने सगळे रकाने भरलेली वही अनुभवी निरीक्षक पहिल्या पानावरच ओळखतो आणि मग त्याचा इतर खऱ्या नोंदींवरचाही विश्वास उडतो.

तपासणीचे काम एका माणसाकडे सोपवावे, पण दुसऱ्यालाही शिकवून ठेवावे. पहिला सुट्टीवर गेला की तपासणी बंद, असे होऊ नये. काम करणाऱ्या मुलाला किंवा बाईला हेही स्पष्ट सांगावे की, आकडा चुकीचा आला तर तो लगेच सांगणाऱ्याला मालक रागावणार नाही. चूक लपवण्याची सवय भीतीतून लागते, आणि लपवलेल्या चुकीचा माल त्याच दिवशी पाकिटात भरून बाहेर जातो.

सुरुवात कोठून करावी?

सर्व एका दिवसात होणार नाही. या आठवड्यात साधनांची यादी करावी आणि काट्याच्या मुद्रांकनाची तारीख पाहावी. उलटून गेली असेल तर प्रथम ते काम करावे. पुढच्या आठवड्यात ५०० ग्रॅमचे एक चांगले चाचणीचे वजन सर्टिफिकेटसह घ्यावे आणि थर्मामीटरची बर्फाची तपासणी सुरू करावी. महिन्याच्या आत एक थर्मामीटर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून कॅलिब्रेट करून आणावा. तो रोजच्या कामात न वापरता इतर थर्मामीटर व फ्रीझर तपासण्यासाठी जपून ठेवावा. म्हणजे दरवर्षी पाच साधने पाठवण्याचा खर्च एका साधनावर येतो.

ग्राहक आपला काटा पाहायला येत नाही आणि आपल्या कढईत थर्मामीटर घालून पाहत नाही. पाकिटावर छापलेल्या ५०० या आकड्यावर विश्वास ठेवून तो पैसे देतो आणि घरी मुलांना खाऊ घालतो. तो आकडा खरा ठेवण्यासाठी मोठे भांडवल लागत नाही. एक वजन, एक पेला बर्फ आणि एक वही लागते.